भाद्रपदात बिघडणारी गाडी

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार येत नाही. मोटारीचं सोडा, समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून त्याला वाट द्यावी लागते. त्यामुळे वेणीमाधवशास्त्र्यांच्या घरात मोटार घ्यायचं ठरलं तेव्हा दारात मोटार आली नाही, मोटारीचे कागद आले. तेही एका नव्हे, दोन मोटारींचे. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही अँबॅसिडर, दोन्ही पांढऱ्या, आणि किमतीतही फारसा फरक नाही. फरक होता तो फायलींत. एक फाइल इतकी बारीक की पंखा लावला तर उडून जाईल. तीत जेमतेम तीन बिलं. दुसरी इतकी जाडजूड की तिला जुन्या धोतराच्या पट्टीने बांधावं लागलं होतं.

कागद मागवण्याची कल्पना खुद्द शास्त्रीबुवांची. बुवा तीर्थोपाध्याय. सातारा-सांगलीकडून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं नि गंगापूजनं करण्यात त्यांची हयात गेलेली. मोटारीतलं त्यांना एवढंच कळे की मागच्या सीटवर बसलं की पुढच्याचं टक्कल दिसतं. पण स्थळ कसं बघावं हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधी पत्रिका, मग मुलगी. "गाडीला पत्रिका नसते, पण आजवर काय काय बिघडलं नि कधी दुरुस्त केलं, त्याचे कागद असतील ना? ते आणा. रंगरूप काय, सगळे चांगलंच दाखवतात," असं त्यांनी फर्मावलं. आणि खरं सांगायचं तर इथवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

गाडी हवी होती सुश्रुतला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पंचवीस वर्षांचा. विद्यापीठातून संस्कृत घेऊन एम.ए. झालेला, पण संकल्प सांगताना यजमानाचं गोत्र हमखास विसरायचा. एकदा तर त्याने सांगलीच्या एका सज्जन गृहस्थाला सासऱ्याच्या नावाने पिंड द्यायला लावला, आणि सासरे शेजारीच पंचा गुंडाळून उभे होते. एकदा पाहिलेल्या गाडीचा नंबर मात्र तो जन्मात विसरत नसे. त्याच्या कुणाल नावाच्या मित्राने नागपुरात एका कंपनीच्या साहेबलोकांना ने-आण करायचं कंत्राट घेतलं होतं. त्याचा फोन आला, "गाडी घेऊन ये, काम तयार आहे." त्या दिवसापासून सुश्रुत घरात असून नसल्यासारखा झाला.

बुवांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. अट एकच घातली. वर्षभर गाडी चालली तर ठीक. नाही चालली तर मुकाट घरी यायचं आणि पंचगंगा घाटावर चटई टाकून बसायचं. आणि जे काही करायचं ते पितृपक्ष लागायच्या आत. पितृपक्षात बुवांच्या घरी श्वास घ्यायला फुरसत नसते ही एक गोष्ट, आणि त्या दिवसांत ना खरेदी करावी ना नव्या कामाला निघावं ही दुसरी. हातात नऊ दिवस होते. सत्त्याण्णव साल होतं, घरातल्या गणपतीसमोर अजून मोदक ठेवलेले होते, आणि सगळं घर मोटारीच्या गोष्टी बोलत होतं.

फक्त प्रेमलाबाई बोलत नव्हत्या. प्रेमलाबाई म्हणजे बुवांच्या पत्नी, सुश्रुतच्या आई. त्यांना मुलगा जायला नको होता. उगाच आडपडदा कशाला ठेवा? मुलगी ईशानी लग्न होऊन पुण्याला गेली, ती जाताना "आई, मी दर सुटीत येईन" म्हणाली होती. आता दोन वर्षांतून एकदा येते आणि आल्याच्या दिवसापासून परतीच्या रिझर्वेशनची काळजी करते. वर्षभर बघतो, असं म्हणून गेलेली मुलं कशी परततात हे त्यांनी गल्लीतल्या चार घरांत पाहिलं होतं. ती पेढे घेऊन येतात, फोटो काढतात आणि जातात. बुवांनी घातलेली ती अटच काय ती त्यांचा आधार होती. गाडी चालली नाही तर सुश्रुत परत येणार होता. बाई रोज संध्याकाळी मंगला गौरीला हात जोडत होत्या, पण काय मागायचं ते मात्र त्यांच्या ओठांवर येत नव्हतं.

बुवांनी कागद वाचायला बसण्याचा समारंभ पाहण्यासारखा होता. मांडीवर पंचांगांचा गठ्ठा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, एका बाजूला सुश्रुत. जाड फाइल आधी उघडली. ती होती रत्नाकर मुळ्यांची. रत्नाकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले, राहायला दूधविनायकाला, बुवांचे जुने स्नेही. मोतीबिंदूमुळे डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली म्हणून विकायला काढलेली. फायलीत एकशे सदतीस कागद निघाले.

"अरे रामा!" बुवा म्हणाले. "ही गाडी आहे की इस्पितळ? फॅनबेल्ट बदलला, नळी बदलली, ब्रेकचे पट्टे बदलले, पुन्हा ब्रेकचे पट्टे… अरे, हिला एक महिना सुखाचा गेलेला दिसत नाही."

"मी तर म्हणतच होतो, बाबा," सुश्रुत म्हणाला. "रत्नाकरकाकांची गाडी मतलब एकदम खटारा असणार."

मग बारीक फाइल. ही गोपीनाथ नावाच्या गृहस्थाची. नगव्याला राहणारा, बोलण्यात गोड, तोंडात कायम पान. सहा वर्षांत तीनच बिलं. बुवांनी तिन्हींच्या तारखा पंचांगात शोधल्या, तिथ्या काढल्या, आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"सापडलं! तिन्ही वेळा भाद्रपद. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात ही गाडी बिघडलेली नाही. आता सांगा, भाद्रपद कुणाचा?"

"गणपतीचा," सुश्रुत म्हणाला.

"पितरांचा, गाढवा! एम.ए. झालास ना? या गोपीनाथाचे कुणीतरी पितर अतृप्त आहेत. गाडीत दोष नाही, दोष मालकात आहे. मालक बदलला की अर्धा दोष गेला, उरलेल्या अर्ध्याला मी एक शांत करतो. गाडी निर्दोष!"

बापलेक दोघंही खूश. प्रेमलाबाई भाजी निवडत ऐकत होत्या. आपल्याला मोटारीतलं काही कळत नाही, आणि नवऱ्याला त्याहून कमी कळतं, हे त्यांना माहीत होतं. पण शास्त्रीबुवांना निष्कर्ष काढताना मध्येच थांबवलं की ते जेवत नाहीत, हेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी बघायला सगळे मैदागिनला गेले, कारण गल्लीतून चालत निघालं की मोटार भेटते ती तिथेच. गोपीनाथने गाडी अशी पुसून आणली होती की तीत बघून भांग पाडावा. आत नवीकोरी सीटं, पायाखाली नवीन गालिचा, पुढे गणपती आणि त्याच्यासमोर अगरबत्त्यांचा पुंजका.

"पंडितजी, आपसे झूठ बोल के हम कहाँ जाएँगे?" गोपीनाथ छातीवर हात ठेवून म्हणाला. "इंजन आज तक नहीं खुला. घर की बिटिया समझिए."

सुश्रुत तिला चालवून आला. लहुराबीरपर्यंत जाऊन परत. उतरला तो तोंडभर हसत. "आई, बैठ के तो देखो! अगदी मक्खन आहे."

प्रेमलाबाई मागच्या सीटवर बसल्या. सीट चांगली होती. पण अगरबत्तीच्या खालून कसला तरी वास येत होता, दमट, मातीचा, आणि बाईंना तो ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना. गोपीनाथ खिडकीतून वाकून म्हणाला, "माताजी, पसंद है न?" बाईंनी मान हलवली. तिचा अर्थ होही होत होता आणि नाहीही. बुवांनी दिवस ठरवून टाकला. सोमवारी सकाळी नऊनंतर चांगला मुहूर्त होता.

शनिवारी दुपारी बुवा आडवे झाले, सुश्रुत टेलिफोन बूथवर नागपूरला फोन लावायला गेला, आणि प्रेमलाबाई नेहमीप्रमाणे वही घेऊन बसल्या. घरात आलेल्या प्रत्येक यात्रेकरूची या वहीत नोंद असे. कोण, कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू. वीस वर्षं ही वही प्रेमलाबाईच लिहीत होत्या, कारण बुवांच्या अक्षरात लिहिलेलं आजोबांचं नाव पुढच्या पिढीने औषधाचं म्हणून वाचलं असतं. आणि या वहीची एक रीत होती. गंगेचं पाणी चढून खालच्या खोलीपर्यंत येण्याची चिन्हं दिसली की सगळ्यात आधी वही माडीवर जायची, मग धान्य, मग माणसं. वही वर असेल तेवढे दिवस आलेल्यांची नावं सुट्या कागदांवर घ्यायची, पाणी ओसरलं की ती वहीत उतरवायची आणि बाजूला तारीख घालून शेरा मारायचा, "पाणी आले होते, नावे मागाहून लिहिली."

त्या दिवशी त्या कुठल्याशा कराडच्या कुटुंबाची जुनी नोंद शोधत होत्या. पानं उलटताना असा एक शेरा दिसला. गेल्या वर्षीचा, भाद्रपदातला. बाईंचा हात थांबला. त्या उठल्या, कोनाड्यातून गोपीनाथची फाइल काढली. गेल्या वर्षीचं बिल त्या शेऱ्यानंतर चौदाव्या दिवशीचं होतं. त्यांनी मागची पानं काढली. तीन वर्षांपूर्वीचा शेरा, त्यानंतर नवव्या दिवशी बिल. सहा वर्षांपूर्वीचा शेरा, बाराव्या दिवशी बिल. मधल्या ज्या वर्षांत वही खालीच राहिली होती, त्या वर्षांत बिल नाही.

मग त्यांनी बिलात काय लिहिलंय ते वाचलं. इतक्या वेळा ती फाइल घरात हातोहात फिरली, पण सगळ्यांनी तारखाच वाचल्या होत्या. नया सेल्फ. पूरी वायरिंग. सीट और कालीन नया. तिन्ही बिलांत जवळजवळ हेच. सीट आणि गालिचा तीन-तीनदा का बदलावा लागतो माणसाला? आणि तो वास! पाणी ओसरल्यावर खालची खोली उघडली की पहिल्यांदा जो वास नाकात शिरतो तोच होता तो. घाटावर राहणाऱ्या बाईला तो मोटारीत ओळखू आला नाही, एवढंच. नगवा ही गंगेकाठची सखल वस्ती, तिथे पूर आला की गल्ल्यांतून नावा फिरतात हे कुणाला ठाऊक नाही? गोपीनाथच्या बिटियाने सहा वर्षांत तीनदा गंगास्नान केलं होतं, आणि तेही डोक्यावरून.

बुवांना महिना बरोबर सापडला होता. पितर बिचारे उगाच बदनाम झाले होते.

बाईंना आधी हसू आलं. मग हसता हसता पुढचा विचार आला. ही गाडी चालणार नाही. दोन-चार महिने चालेल, मग बंद पडेल, दुरुस्त होईल, पुन्हा बंद पडेल. आणि गाडी चालली नाही तर सुश्रुत परत येईल. आपण काही करायची गरज नाही. फक्त काही बोलायचं नाही. त्यांनी फाइल होती तशी कोनाड्यात ठेवली, वही कापडात बांधली, आणि चहाचं आधण ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतो आहोत.

लाज वाटली का? वाटली. चहा गाळताना थोडी, बुवांच्या हातात कप देताना जरा जास्त. पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता, आणि मुलगा आपला असला की बाईमाणूस स्वतःला बरंच काही माफ करतं.

रविवारी सकाळी रत्नाकरराव आले. बिचारे निकाल विचारायला आले होते, पण विचारायची भीड वाटत होती, म्हणून आधी गणपतीचं दर्शन घेतलं, मग बायकोने, नंदाबाईंनी, दिलेल्या करंज्या दिल्या, मग हवापाण्यावर बोलले. बुवा आणि सुश्रुत घाटावर गेलेले. शेवटी प्रेमलाबाईंनाच कीव आली.

"भाऊजी, तुमची फाइल फार मोठी हो. यांना वाटतं, गाडी सारखी आजारी असते."

रत्नाकररावांचा चेहरा पडला. "आजारी? वहिनी, दहा वर्षांत ती एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. तुम्ही कागद वाचलेत का?"

"मी कुठले वाचणार?"

"मग वाचा ना. आत्ता वाचा." रेल्वेतला माणूस, त्याने धोतराची पट्टी सोडली आणि कागद चटईवर मांडायला सुरुवात केली. प्रत्येक बिलाच्या पाठीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. बाईंनी एक उचललं. "बेल्ट तुटला नव्हता. कड उसवलेली दिसली. परवा अयोध्येला जायचे आहे म्हणून बदलला." दुसरं, "नळी मऊ लागली. विंध्याचलला निघण्यापूर्वी नवी घातली." तिसरं, "आवाज नाही, पण नंदाला आवाज येतो म्हणते. उघडून पाहिले. तिचे बरोबर होते."

प्रेमलाबाई वाचतच राहिल्या. वीस वर्षं वही लिहिणाऱ्या बाईला कागद कसा वाचायचा हे सांगावं लागत नाही. एकशे सदतीस कागदांत प्रवासाहून आल्यावर केलेली दुरुस्ती एकही नव्हती. सगळ्या जायच्या आधीच्या. ही आजारी गाडी नव्हती. हिच्याकडे रोज कुणीतरी लक्ष देत होतं.

"न बिघडणारी गाडी जगात नाही, वहिनी," रत्नाकरराव म्हणाले. "ज्या गाडीचे कागदच नाहीत ती बिघडली नाही असं नसतं. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

बाईंना आता एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती. त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, समजा एखादी गाडी पुरात बुडाली, तर ती पुढे चालायची बंदच पडते ना?"

"छे हो! बंद पडली तर बरं म्हणायचं. सेल्फ नवा घातला, वायरिंग केलं, की सुरू होते. विकणारे तेवढंच करतात."

"मग वाईट काय त्यात?"

"ब्रेक. पाणी आत शिरलं की आतल्या आत गंजतात. गावात कळत नाही. गावात कोण जोरात जातो? उतारावर कळतं. आमच्या ओळखीचा एक जण असाच…" रत्नाकरराव थांबले. "जाऊ द्या, सणाचे दिवस आहेत. तुमचा सुश्रुत नागपूरला जाणार ना? सिवनीच्या पुढे कुरईचा घाट लागतो. उतार आहे, जंगल आहे. त्याला सांगा, कुठलीही गाडी घे, माझी नको तर नको, पण ब्रेकचे कागद बघून घे."

रत्नाकरराव गेले. करंज्या तशाच राहिल्या. प्रेमलाबाई उठून कोनाड्यापाशी गेल्या, बारीक फाइल उघडली. सेल्फ, वायरिंग, सीट, कालीन. पुन्हा सेल्फ, वायरिंग, सीट, कालीन. ब्रेक हा शब्द तीनही बिलांत कुठे नव्हता. कालपासून त्या बंद पडलेल्या गाडीचं चित्र बघत होत्या. रस्त्याच्या कडेला उभी गाडी, वैतागलेला सुश्रुत, मग बनारसची आगगाडी पकडून घरी आलेला सुश्रुत. आता डोळ्यांसमोर उतार आला, आणि उतारावर ती गाडी उभी नव्हती.

तरी त्या रात्रीपर्यंत गप्प राहिल्या, हेही सांगितलं पाहिजे. जेवताना सुश्रुत सिवनीपर्यंत किती तास, जबलपूरला मुक्काम कुठे, असं बोलत राहिला आणि बाई त्याला वाढत राहिल्या. त्यांना वाटत होतं, गाडी नको म्हटलं तर दुसरी आहेच, ती चांगली आहे, म्हणजे तो जाणार. आणि काही बोललंच नाही तर… त्या वाक्याचं पुढचं टोक त्यांना धरवेना.

सोमवारी सकाळी सगळे पुन्हा मैदागिनला. बुवांच्या हातात तबक, तबकात नारळ, कुंकू, अक्षता. गोपीनाथ नवा कुर्ता घालून. बुवांनी गाडीच्या कपाळावर, म्हणजे बॉनेटवर, स्वस्तिक काढायला बोट कुंकवात बुडवलं, तेवढ्यात प्रेमलाबाई म्हणाल्या, "अहो, थांबा."

"आता काय? मुहूर्त चाललाय."

"चालू द्या. भाद्रपद तुम्ही बरोबर ओळखलात, पण दोष पितरांचा नाही हो, पाण्याचा आहे. ही गाडी तीनदा पुरात बुडाली आहे."

मग बाईंनी सगळं सांगितलं. शनिवारी वहीत सापडलेले शेरे, बिलांच्या तारखा, सीटं आणि गालिचे. सुश्रुत ऐकता ऐकता गाडीत शिरला, नवा गालिचा एका कोपऱ्यातून उचकटला, सीटखालच्या पत्र्याच्या खाचेत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला राखाडी, पिठासारखा मऊ गाळ लागला होता. पंचगंगेच्या पायऱ्यांवरून दर वर्षी फावड्याने काढतात तोच.

सगळ्यांनी गोपीनाथकडे पाहिलं. त्या माणसाने एकदा पान इकडून तिकडे केलं, हात जोडले आणि म्हणाला, "माताजी, गंगामैया का परसाद है. आप लोग तो इसी के लिए इतनी दूर से आते हैं!"

"आम्ही दुर्गाघाटावरून आलो आहोत," प्रेमलाबाई मराठीतच म्हणाल्या, "आणि आमच्या घरी तो पुष्कळ आहे."

बुवांचा चेहरा पाहवत नव्हता. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घरी परतताना चौखंबा येईपर्यंत त्यांनी स्वतःला सावरलं, आणि ब्रह्माघाटाच्या वळणावर भेटलेल्या पहिल्या माणसाला ते सांगत होते, "तिन्ही वेळा भाद्रपद हे मीच काढलं. बाकी तपशील हिने बघितला."

रत्नाकररावांची गाडी दोन दिवसांत घेतली गेली. रत्नाकररावांनी किल्ली देण्याआधी सुश्रुतला तीन तास शिकवलं. कुठे तेल घालायचं, कुठला नट किती आवळायचा, कुठला आवाज ऐकायचा. सुश्रुतने सगळं लिहून घेतलं. यजमानाचं गोत्र विसरणारा तो पोरगा त्या दिवशी एकही गोष्ट दोनदा विचारत नव्हता. बाई बघत होत्या. मुलगा हुशार आहे, पण आपल्याला हव्या असलेल्या कामात नाही, हे त्यांना कळत होतं आणि वाईटही वाटत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे मैदागिनला उभे होते. बुवांनी मंत्र म्हटले, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या यजमानाची वेळ झाली म्हणून घाईने घाटाकडे वळले. वळताना पंचा डोळ्यांना लावला. रत्नाकरराव बॉनेट उघडून शेवटचं काहीतरी तपासत होते. सुश्रुत आईच्या पाया पडला, उठला, आणि हळूच म्हणाला, "आई, एक विचारू? तुला शनिवारीच कळलं होतं. वही तू शनिवारी बघितलीस. मग सोमवारपर्यंत गप्प का होतीस?"

प्रेमलाबाईंनी खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला.

"तू जाऊ नयेस म्हणून," त्या म्हणाल्या. "ती गाडी बंद पडेल आणि तू परत येशील, असं वाटलं होतं मला."

सुश्रुतने विचारलं, "मग शेवटी का सांगितलंस?"

"त्यात ब्रेकचा एकही कागद नव्हता."

सुश्रुतने आईला घट्ट मिठी मारली, भर मैदागिनवर, लहान असताना मारायचा तशी. मग बॉनेट बंद झालं, तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. बाईंनी डोळे मिटले. एकदा, फक्त एकदा सुरू होऊ नकोस, असं त्यांना वाटलं, आणि वाटेपर्यंत गाडी सुरू झालीही होती. पहिल्याच झटक्याला. सुश्रुतने हात हलवला, रिक्षांच्या गर्दीतून वाट काढली, आणि पांढरी गाडी कबीरचौऱ्याच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली.

प्रेमलाबाई पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. शेजारी रत्नाकररावही चष्मा काढून रडत होते. त्यांची गाडी गेली होती. मागून एक रिक्षावाला ओरडला, "अरे चाचा, किनारे होइए!" तशी दोघं बाजूला झाली.

"काळजी करू नका, वहिनी," रत्नाकरराव नाक ओढत म्हणाले. "कुठे अडायची नाही ती. नागपूरच काय, तुम्ही म्हणाल तिथवर नेईल त्याला."

"तेच तर, भाऊजी," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या.